उपासाला काय चालतं

शुक्रवार, ७ मार्च १९९७. महाशिवरात्र.
नळाला पाणी सहाला आले, करंगळीएवढे. काल रात्री सवयीने साबुदाणा भिजत घातला होता. सकाळी जयमाला दूध घ्यायला खाली आली. तिने ओट्यावरचे पातेले पाहिले आणि दूध घेऊन वर गेली. मला मात्र चोरी पकडल्यासारखे झाले. नंतर ती माधुरीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. काल दिलेल्या रक्ताचा निकाल आज मिळायचा आहे. शुगर उतरली नसेल तर पोरीला गोळ्या सुरू. जयमालाने काल दुपारपासून काही खाल्लेले नाही. ऊन तापू लागले आहे.

एवढे लिहून वही मिटली, पण हात कामाला लागेना. त्या दोघी परत येईपर्यंत जयमालाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. इतकी वर्षे ती माझ्या वहीत आहे, पण 'जयमालाने भाडे दिले', 'जयमालाला ताप' एवढीच.

जयमाला साळवे नगरच्या सावेडीत माझ्या घराच्या वरच्या खोलीत राहते. इथल्याच एका मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवते. वय पस्तिशीचे, लग्न केलेले नाही. कोणी विचारले तर "राहून गेलं" म्हणते, चुलीवर दूध राहून गेल्यासारखे. तिचे गाव पाथर्डीकडचे. आईवडील दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे आणि हिला वसतिगृहात ठेवायचे. वडिलांनी तरुणपणीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्यामुळे घरात देव्हारा नाही, नवस नाही, सत्यनारायण नाही. तिच्या खोलीत बुद्धाची एक लहान मूर्ती आहे आणि तिच्यापुढे रोज ताजे फूल असते. ते बहुधा माझ्याच जास्वंदीचे असते.

तिच्या आईच्या पायाला फडात कोयता लागला आणि ती जखम भरेना. कारखान्यावरच्या डॉक्टरने मलमपट्टी केली, पण रक्त तपासले नाही. "ऊस तोडणाऱ्या बाईला कसली शुगर? तो खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार," असे तो म्हणाला. आधी पाय गेला, मग आई गेली. "आयुष्यभर ऊस तोडला आणि साखरेनं मेली," जयमाला एकदाच म्हणाली. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. शाळेत मात्र तिने स्वतःहून शनिवारचा एक तास मागून घेतला आणि त्याला 'आहाराचा तास' असे नाव दिले.

या तासासाठी शाळेने तिला एक छापील तक्ता दिला. त्यावर सफरचंद, पाव, लोणी आणि कपात उभे ठेवलेले उकडलेले अंडे होते. एका मुलीने विचारले, "बाई, हे कोणाच्या घरचं जेवण?" सगळा वर्ग हसला आणि जयमालाही हसली. तक्ता गुंडाळून कपाटामागे गेला. पुढच्या शनिवारी तिने माझ्याकडची मोठी परात आणि ताटे मागून नेली. मुलींना विचारले, काल रात्री काय जेवलात? मग त्या सांगतील तसे ताट वाढून दाखवले. भाकरी सोडू नका, म्हणायची, पण दोन भाकऱ्यांवर पुन्हा भाताचा डोंगर कशाला? पालेभाजी लोणच्याएवढी वाढता, ती भाजीएवढी वाढा. मटकीची उसळ रोज चालेल. चहा घ्या, पण त्याचा पाक करू नका. 'साखर सोडा' हे मात्र ती कधी बोलली नाही. अर्ध्या मुलींचे वडील साखर कारखान्याचे सभासद. दिवाळीला सवलतीच्या साखरेचे पोते घरी येते, ते नाकारायला सांगणार कसे? "साखर पाहुण्यासारखी असावी," ती म्हणायची. "आली तर आनंद, पण मुक्कामाला नको."

माधुरी याच वर्गातली, नववीत शिकणारी. जेऊरहून रोज एस.टी.ने येते. अंगाने भरलेली, डोळे खाली घालून बोलणारी मुलगी. तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर पट्टा होता. तो मळ समजून तिची आई दर रविवारी दगडाने घासायची. जयमालाच्या नजरेला तो पडला. असा पट्टा शुगरची खूण असू शकतो हे ठाऊक असल्याने तिने घरच्यांची चौकशी केली. वडील आसाराम यांना शुगर आहे आणि त्यांच्या पायाची दोन बोटे काढली आहेत, असे कळले. मग आईला बोलावून, समजावून तिने पोरीचे रक्त तपासून घेतले. हे जुलैत. डॉक्टर म्हणाले, "शुगर अजून घरात शिरलेली नाही, पण उंबऱ्यावर येऊन बसली आहे. खाण्यावर लक्ष ठेवा, चालू द्या, दिवाळीनंतर पुन्हा पाहू."

जेऊरला घरी एकच काळजी. पोरगी 'शुगरवाली' म्हणून नाव झाले तर तिला करून कोण घेणार?

जयमालाला खात्री होती की दिवाळीपर्यंत उतरेल. माधुरी सांगितलेला शब्द न् शब्द पाळणारी. तिने चहातली साखर कमी केली, शाळेतून स्टँडपर्यंत चालत जाऊ लागली. नोव्हेंबरात रक्त तपासले तर शुगर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, मार्चमध्ये शेवटचे पाहू, नाहीतर गोळ्या.

त्या संध्याकाळी जयमाला माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी सोमवारच्या उपासाची खिचडी परतत होते. तिने कढईकडे पाहिले आणि तिथेच पाटावर बसली.

"काकू, माझ्यामुळं झालं."

"काय झालं?"

"श्रावणात मी वर्गात म्हणाले, आठवड्यातून दोन दिवस उपास केला तर पोटाला विसावा मिळेल. माधुरीनं गुरुवार धरला, शनिवार धरला. चतुर्थी होतीच. आज मी विचारलं, उपासाला काय खातेस? तर सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चार वाजता राजगिऱ्याचा लाडू, रात्री भगर. मधे भूक लागली तर खजूर."

"अगं, पण उपासाला हेच खातात. तुला माहीत नव्हतं?"

"नगरमध्ये राहून साबुदाणा माहीत नसेल का? कितीदा तुमच्याकडंच खाल्लाय." ती हातातल्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती. "पण मी उपास म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं माझी आई होती. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसायची, बाराच्या आत जेवून घ्यायची, मग दुसऱ्या दिवसापर्यंत फक्त पाणी, फार तर कोरा चहा. आमच्यात त्यालाच उपास म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढं आई आणि मुलींच्या डोळ्यांपुढं साबुदाणा. शब्द मात्र एकच."

मी गॅस बंद केला. त्या रात्री ती खिचडी मला गेली नाही.

पुढच्या शनिवारी तिने आहाराचा तास घेतला नाही. मुख्याध्यापिकांना सांगितले की घसा बसलाय. त्याच्या पुढच्या शनिवारीही घसा बसलेलाच होता. मुलींनी परात नेण्यासाठी माझ्या दारात येऊन विचारले, बाई कधी घेणार? मी म्हणाले, घसा सुटला की. खोटे बोलायला मला लहानपणी मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी शिकवले नव्हते. पण जयमाला वर जिन्यात उभी होती आणि मला तिच्याकडे पाहवत नव्हते.

डिसेंबरात एका रविवारी ती म्हणाली, "काकू, जेऊरला जाऊन येऊ. तुम्ही सोबत चला."

"मी कशाला?"

"उपास सोडा असं सांगायला मी एकटी गेले तर त्याचा वेगळाच अर्थ निघेल."

तो अर्थ मला कळत होता. आपले केस पांढरे आहेत आणि कपाळ मोकळे आहे, म्हणून नव्हे, तर आपल्या सवर्ण आडनावामुळे तिला आपली सोबत हवी, हे कळून मला ओशाळल्यासारखे झाले. पण मी गेले.

आसारामांचे घर रस्त्याला लागूनच. पुढे पडवी, पडवीत सभासदाच्या साखरेचे पोते आणि त्या पोत्याला टेकून बसलेली आसारामांची आई आक्काबाई. ऐंशीच्या घरातली, पण आवाज खणखणीत. माधुरीच्या आईने चहा आणला. त्यात चमचा उभा राहावा एवढी साखर होती. आल्यागेल्याला कमी गोड चहा देणे म्हणजे अपमान, ही त्या घरचीच काय, आमच्याही घरची रीत. बिनसाखरेचा चहा पिणारी जयमाला तो कप शेवटच्या घोटापर्यंत प्याली.

तिने सगळे सांगितले. श्रावणातले आपले बोलणे, फराळ, डॉक्टरांचे म्हणणे. माधुरी दाराआड उभी होती. ती एकदम म्हणाली, "बाई, मी काहीच चुकवलं नाही. तुम्ही सांगितलं तसंच केलं."

जयमालाची मान खाली गेली. आक्काबाई माझ्याकडे वळून बोलू लागली. बोलणे जयमालाशी, तोंड माझ्याकडे.

"आवो बाई, देवाच्या नावानं उपाशी ऱ्हाऊन आजवर कुनाचं वंगाळ झालंय का?"

"उपाशी?" आसाराम बाजेवर पाय लांब करून बसले होते. पायाला फडके गुंडाळलेले. "उपाशी कोन ऱ्हातंय, आये? गुरवारी या घरात रोजच्यापरीस दुप्पट शिजतंय. एकादशी अन् दुप्पट खाशी!"

"तू गप ऱ्हा. तुझ्याच पायासाठी धरलेत तिनं. तुझी बोटं ऱ्हायली असती तर पोरीला कशाला धरावं लागलं असतं?"

हे जयमालालाही नवीन होते. माधुरीने मान हलवली. शनिवार शुगरसाठी, पण गुरुवार वडिलांच्या पायासाठी. तो काही झाले तरी सुटणार नव्हता.

मग आक्काबाईने मनातले बोलून टाकले. "तुमच्यात उपास न्हाईत, म्हनून आमच्या पोरीचं मोडायला आल्या व्हय?"

मी बोलायला तोंड उघडले, कारण बोलणे माझ्याकडे तोंड करून झाले होते. जयमालाने माझ्या हातावर हात ठेवला.

"आमच्यातही उपास असतो, आक्का."

"कसा?"

"पौर्णिमेला. बाराच्या आत एकदा जेवायचं. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही."

"अन् फराळ?"

"फराळ नसतो."

"साबुदाना न्हाई? भगर न्हाई?"

"नाही."

"च्या तरी?"

"बिनदुधाचा."

"अगं बया!" आक्काबाई पहिल्यांदा सरळ तिच्याकडे पाहत म्हणाली. "मंग त्यो उपास हाय का शिक्षा?"

आसाराम एवढे हसले की खोकला लागला. माधुरीची आई पदर तोंडाला लावून आत गेली. जयमालाही हसली, आणि ते हसू मी महिनाभराने पाहत होते.

"चूक माझी आहे, आक्का," ती म्हणाली. "उपास मोडायला नाही आले. उपास ठेवा, फराळ बदला."

"बदलून काय घालू, दगडं?"

"ऋषिपंचमीला काय करता?"

"बैलाच्या कष्टाचं खायचं न्हाई. परसातलं, हातानं लावलेलं खायचं. ऋषीची भाजी."

"त्या दिवशी साबुदाणा?"

"त्याचं काय काम? भाजीच तर आसती."

"मग तो उपासच ना? गुरुवारी अशी भाजी का नाही चालणार?"

इथून पुढे अर्धा तास जे चालले ते मी विसरणार नाही. एखाद्या कोर्टात साक्षीदार एकामागून एक उभे राहावेत तशा भाज्या आक्काबाईपुढे उभ्या राहिल्या. भेंडी? "गुरवारी न्हाई चालत." दोडका? "सासूबाईंनी कदी खाल्ला न्हाई." लाल भोपळा? "चालतो." काकडी? "चालती." ताक? "ते तर चालतंच." शेंगदाण्याचे कूट? "मूठभर." राजगिऱ्याची पालेभाजी? आक्काबाई थांबली. मग म्हणाली, "राजगिऱ्याचा दाना चालतो, मंग पाला का न्हाई? माय चालती तर लेक बी चालंल."

"आणि साबुदाणा?" जयमालाने विचारले.

"शिवरातीला वाटीभर. लहान वाटी." आक्काबाईने बोटांनी वाटी दाखवली आणि लगेच ती थोडी मोठी केली. "पन येक सांगते, बाई. भाजी-ताकावर पोरगी दिवस काढनार म्हंता, पोरीला चक्कर आली तर?"

"तर मला निरोप धाडा. मी येईन."

"तुमी काय कराल येऊन?"

जयमालाने हातातल्या रुमालाची घडी करून मांडीवर ठेवली. ती एवढेच म्हणाली, "दर गुरुवारी मीही तेच खाईन. तिला जे होईल ते मला होईल."

निघताना कुंकवाची कोयरी पुढे आली. मी विधवा, जयमाला कुंकू लावत नाही. आक्काबाई क्षणभर गोंधळली, मग तिने दोघींच्या ओंजळीत एकेक राजगिऱ्याची जुडी ठेवली.

हिवाळाभर दर गुरुवारी वरच्या खोलीतून भोपळ्याच्या फोडणीचा वास यायचा. संक्रांतीच्या सुमारास तिचा भाऊ भीमा गावाहून आला. त्याने तिचे ताट पाहिले आणि चिडवले, "काय ताई, गुरुवार धरलास? आपले दीक्षा घेतलेले आप्पा असते तर घरातून हाकलली असती."

"गुरुवार नाही धरला," ती म्हणाली. "पोरगी धरलीय."

तास मात्र तिने सुरू केला नाही. मी दोनदा विचारले. ती म्हणाली, "मार्चचा निकाल येऊ दे, काकू. उतरली नाही तर मी पुन्हा कुठल्या मुलीला काय खावं ते सांगणार नाही. मला तो हक्क नाही." परात माझ्या पलंगाखालीच राहिली.

इथवर लिहीपर्यंत फाटकाचा आवाज झाला. आधी माधुरी आली, मागून जयमाला. माधुरीचा चेहरा पाहूनच मला कळले.

"आजी, उतरली!"

"डॉक्टर म्हणाले, उंबऱ्यावरून उठून अंगणात गेलीय," जयमाला म्हणाली. "अंगणातून परत येऊ द्यायची नाही. गोळ्या नकोत. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं."

मी माधुरीला जवळ घेतले. मानेवरचा पट्टा आहे अजून, पण फिकट झाल्यासारखा वाटला. माझ्या चष्म्याचा भरवसा नाही. ती उड्या मारतच स्टँडकडे गेली, वडिलांना सांगायला.

जयमाला ओट्याशी उभी राहिली. मला वाटले आता तरी जेवेल. मी ताट घेऊ लागले तर तिची नजर पुन्हा त्या पातेल्यावर. साबुदाणा टपोरा फुगून पातेल्याच्या काठाला आला होता.

"आज शिवरात्र," ती म्हणाली.

"हो. चुकून भिजवला गं. सवय."

"तुमचं नाही म्हणत, काकू. माधुरीचं रक्त तपासलं म्हणून मला कळलं. तिचं निस्तरलं. पण त्या दिवशी वर्गात बेचाळीस मुली होत्या. तो शब्द सगळ्यांनी ऐकला. बाकीच्यांचं रक्त कोणी तपासलं? आणि मी काय केलं? मला वाईट वाटतंय म्हणून तीन महिने घरी बसले. त्यातल्या कितीजणी आज सकाळपासून खिचडी खात असतील, बाईंनीच सांगितलंय म्हणून."

मला काहीतरी दिलासा द्यावासा वाटला, पण खोटा दिलासा द्यावासा वाटला नाही. तिचे म्हणणे खरे होते. आणि दारात आलेल्या मुलींना घसा बसलाय म्हणून परत पाठवणारी मीच होते.

"उद्या शनिवार आहे," मी म्हणाले.

"हो."

"परात पलंगाखाली आहे. धूळ बसली असेल."

ती वाकली, परात ओढून काढली आणि मोरीत नेऊन घासायला बसली. घासता घासता मोठ्याने बोलत होती, मला की वर्गाला कळेना. "मुलींनो, श्रावणात मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. नाही, चुकीचं नाही, अर्धवट. नाही. चुकीचंच." पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच वेळा तिने ते वाक्य म्हणून पाहिले. दर वेळी 'चुकीचं' या शब्दाशी आवाज अडायचा, आणि परातीवरचा हात जोरात फिरायचा.

मग ती माझ्याजवळ बसून जेवली. तिच्या आईच्या उपासाची बाराची वेळ केव्हाच टळून गेली होती.

संध्याकाळी वहीत लिहिले: भिजवलेला साबुदाणा समोरच्या गाईला घातला. लाल भोपळ्याचे रायते केले. दही जरा आंबट निघाले.